कुडाचे कान : गुप्ततेच्या मराठी वाक्संप्रदायांतील अनुल्लेखित श्रोता

'भिंतीला कान असतात' ही म्हण इतक्या भाषांत आढळते की सार्वत्रिक शहाणपणाचा एक नमुना म्हणून तिच्याकडे पाहण्याची सवय अभ्यासकांना लागून गेली आहे. हिंदीत आणि इंग्रजीत कान भिंतीलाच आहेत. फारसीत भिंतीत उंदीर असतो आणि उंदराला कान असतात. हे साम्य खरे आहे. पण साम्याची नोंद करून थांबले की एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. ऐकणारे माणूस असताना कान भिंतीला का? बोलणाऱ्याला सावध करणाऱ्या या वाक्यातून ऐकणारा वगळला गेला आणि त्याचा एक अवयव तेवढा निर्जीव वस्तूला चिकटवला गेला, ही गोष्ट चेतनगुणोक्तीचे उदाहरण म्हणून सोडून देण्याइतकी किरकोळ नाही. फारसी म्हण निदान भिंतीत एक जिवंत प्राणी तरी ठेवते.

मराठीत या म्हणीचे दुसरे, अधिक ठसठशीत रूप आहे : 'कुडास कान, ठेवी ध्यान'. कूड म्हणजे कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या एकमेकींना बांधून, त्यांवर शेणामातीचा गिलावा देऊन उभी केलेली आडभिंत. कुडापलीकडचे बोलणे ऐकण्यासाठी कोणाला मुद्दाम कान लावावा लागत नाही. खोकला, उसासा, कूस बदलल्याचा आवाजही पलीकडे पोचतो. म्हणजे कुडाच्या बाबतीत ही म्हण रूपक राहतच नाही, ती जवळजवळ वास्तुवर्णन ठरते. दगडाविटांच्या भिंतीआडून कोणी ऐकत असेल ही शंका असते. कुडाआडून ऐकू जाते हा रोजचा अनुभव असतो. आणि तरीही 'ठेवी ध्यान' ही ताकीद बोलणाऱ्यालाच आहे. ऐकणाऱ्याला ऐकू नकोस असे कोणी म्हणत नाही, कारण म्हणीच्या हिशेबात तो तिथे नाहीच. वाक्संप्रदायांच्या इतिहासात हा अनुल्लेखित श्रोता कोण, याचा शोध कुडाच्या घरातून सुरू करण्यापेक्षा राजाच्या मंत्रगृहातून सुरू करणे सोयीचे आहे, कारण तिथे त्याची यादीच दिलेली सापडते.

मंत्र, म्हणजे राजाची गुप्त मसलत, हा भारतीय राजनीतिशास्त्राचा फार जुना विषय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्या अधिकरणात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. मसलतीची जागा बंदिस्त असावी, तिथला शब्द बाहेर जाऊ नये, पक्ष्यांच्याही दृष्टीस ती पडू नये, असे तो सांगतो, आणि याचे कारण म्हणून पोपट, मैना, कुत्री अशा प्राण्यांकडूनही मंत्र फुटल्याचे ऐकिवात असल्याचा दाखला देतो. निष्काळजीपणा, मद्य, झोपेतले बरळणे, कामासक्ती ही मंत्र फुटण्याची आणखी कारणे. मसलतीत किती माणसे असावीत याविषयी पूर्वाचार्यांची मते तो मांडतो. राजाने एकट्यानेच विचार करावा असे म्हणणारा भारद्वाज त्यांत आहे. ते मत बाजूला सारून कौटिल्य तीन किंवा चार मंत्र्यांवर स्थिरावतो. गुप्तता आणि शहाणपण यांच्यातला हा व्यवहारी सौदा आहे. एकट्याचे गुपित सुरक्षित असते, पण एकट्याचा विचार अपुरा असतो.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात हाच विषय येतो तेव्हा सूर बदलतो. डोंगरमाथा, वाड्यातला एकांत किंवा निर्जन अरण्य ही मसलतीची स्थळे सांगून झाल्यावर त्या वेळी कोणाला दूर करावे याची यादी येते : जड बुद्धीचे, मुके, आंधळे, बहिरे, पशुपक्षी, अतिवृद्ध, स्त्रिया, म्लेच्छ, आजारी, व्यंग असलेले. ही यादी वाचताना कोणीही अडखळावे. मुका सांगणार नाही, बहिरा ऐकणार नाही; मग त्यांना दूर का करायचे? लगेच पुढच्या श्लोकात कारण दिले आहे, आणि ते कानांशी संबंधित नाही. अवमानित झालेले लोक मंत्र फोडतात, तसेच पशुपक्षी, आणि विशेषेकरून स्त्रिया, असा त्याचा आशय आहे. ज्यांचा आपण अपमान करतो ते आपले गुपित राखणार नाहीत, ही कबुली एका श्लोकार्धात देऊन शास्त्र पुढे निघून जाते. अपमान थांबवावा हा पर्याय त्याला सुचत नाही. अपमानितांना खोलीबाहेर काढावे हा सुचतो.

बहिऱ्यामुक्याचे कोडे सोडवायला पुन्हा अर्थशास्त्राकडेच जावे लागते. गूढपुरुषांच्या नेमणुकीचे जे प्रकरण आहे त्यात राजपुरुषांच्या घरांतील आतली हालचाल कळावी म्हणून कोणाला तिथे पेरावे हे सांगितले आहे. स्वयंपाकी, न्हाऊ घालणारे, अंग रगडणारे, बिछाने घालणारे, न्हावी, पाणके या वेषांतले लोक. त्यांच्याबरोबर कुबड्या, बुटका, मुका, बहिरा, वेडगळ, आंधळा यांचे सोंग घेतलेले लोक. नटनर्तक, आणि स्त्रिया. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की उलगडा होतो. एका ग्रंथात ज्यांना बाहेर काढायचे तेच दुसऱ्यात आत पाठवायचे आहेत. ज्याच्यासमोर लोक बिनधास्त बोलतात, कारण तो मोजण्यात नाही, तोच उत्तम हेर, हे कौटिल्याला ठाऊक आहे. भिंतीला कान असण्याचा खरा अर्थ इथे उघड होतो. खोलीत वावरणारी काही माणसे भिंतीइतकीच गृहीत धरलेली असतात.

मराठीतला 'षट्कर्णी होणे' हा वाक्प्रचार याच परंपरेतून आला. सहा कानांवर गेलेली मसलत फुटते आणि चार कानांची टिकते, हा संस्कृत कथावाङ्मयात वारंवार येणारा संकेत त्याच्या मुळाशी आहे. हिशेब वरवर साधा आहे. पण कोणाचे कान मोजायचे हा त्यातला कळीचा मुद्दा, आणि तो पंचतंत्राच्या एका उत्तरकालीन पाठातल्या मुकुंद राजाच्या कथेने नेमका पकडला आहे. राजाने करमणुकीसाठी एक कुबडा विदूषक जवळ बाळगला आहे. मसलतीच्या वेळी तो तिथेच बसलेला पाहून मंत्री सहा कानांचा इशारा देतो. कुबड्याच्या बाबतीत ते लागू नाही असे म्हणून राजा तो उडवून लावतो. पुढे एका योग्याकडून राजा परकायाप्रवेशाची विद्या शिकतो तीही कुबड्याच्या देखतच. मग एके दिवशी रानात मेलेला ब्राह्मण दिसतो, विद्येची प्रचीती पाहण्यासाठी राजा त्या देहात शिरतो, आणि मोकळ्या पडलेल्या राजदेहात कुबडा शिरून घोड्यावर बसून राजधानीत परततो. शेवटी राजाला त्याचे शरीर परत मिळते, कारण कथा राजाच्या बाजूची आहे. पण ज्याचे कान मोजले नाहीत त्याने एकदा का होईना सिंहासन मिळवले, ही तिच्या मध्यावरची गोष्ट शेवटाने पुसली जात नाही. आज मराठी वृत्तपत्रांत 'षट्कर्णी' हा शब्द सर्वांना माहीत झालेले या ढिल्या अर्थाने वापरला जातो. मोजणी गेली, आणि तिच्याबरोबर तिसरा माणूस कोण हा प्रश्नही गेला.

येथवरची भाषा खोलीच्या आतली आहे. मराठी शब्दसंपत्तीत मात्र दाराबाहेर उभे राहून केलेले नामकरणही भरपूर आहे, आणि त्याचा इतिहास कमी तपासला गेला आहे. 'खलबत' हा शब्द घ्या. मूळ अरबी, फारसीतून आलेला. त्याचा अर्थ एकांत. सूफी परंपरेत तो साधनेचा शब्द आहे. मराठी राजव्यवहारात तो खाजगी मसलतीचा झाला. रायगडावर खलबतखाना म्हणून दाखवली जाणारी जागा आजही आहे. (स्वयंपाकघरातल्या खलबत्त्याशी या शब्दाचे काही नाते नाही, हे सांगायला हरकत नाही.) पण आज कोणी खलबते करतात असे म्हटले की त्यात कटाचा वास येतो. 'कारस्थान' याची गतही तीच. १७७४ मध्ये पुण्यात राघोबादादांविरुद्ध कारभाऱ्यांनी जे राजकारण उभारले त्याला बारभाईंचे कारस्थान म्हणताना इतिहासकाराला त्यात निंदा अभिप्रेत नसते; तोच शब्द घरगुती संभाषणात शिवीच्या जवळ जातो. 'कान फुंकणे' म्हणजे एके काळी गुरूने शिष्याच्या कानात मंत्र सांगणे. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, मुंजीत वस्त्राआड गायत्री सांगतात. कानात सांगणे हा मराठी संस्कारांतला पवित्र क्षण आहे. तरीही कान फुंकणे आज चहाडीच्या रांगेत, 'कान भरणे' याच्या शेजारी बसले आहे.

या अर्थापकर्षाचे कारण शब्दांच्या आत शोधून सापडणार नाही. एकांत, मसलत, मंत्र हे शब्द जे आत होते त्यांनी वापरले तोवर त्यांना प्रतिष्ठा होती. दार बंद झाल्यावर बाहेर राहिलेल्यांच्या तोंडी गेले तेव्हा त्यांना बंद दाराचा संशय चिकटला. 'कानोसा घेणे', 'कुणकुण लागणे', 'सुगावा लागणे', 'चाहूल लागणे' हे सगळे बाहेरच्यांचे वाक्प्रचार आहेत, आणि त्यांचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. कानोसा माणूस घेतो. इथे ऐकणारा कर्ता आहे, जो म्हणीत कधीच कर्ता नसतो. उलट कुणकुण आणि सुगावा 'लागतात', जणू ऐकणाऱ्याने काही केलेच नाही. आतल्यांची प्रतिज्ञाही याच क्रियापदाच्या निषेधात असते : थांग लागू द्यायचा नाही, ताकास तूर लागू द्यायची नाही. ढोबळमानाने असे म्हणता येईल की गुप्ततेविषयीची म्हण आतून बोलते आणि वाक्प्रचार बाहेरून. नियम म्हणून हे टिकणार नाही. 'कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही' ही म्हण बाहेरच्याच्या समाधानाची आहे, आणि 'गुलदस्त्यात ठेवणे' हा वाक्प्रचार आतल्याचा; फुलांच्या गुच्छात गुपित लपवण्याची ही नजाकत दाराबाहेरच्याला सुचण्यासारखी नाही.

राज्यकर्त्यांच्या ऐकण्याच्या व्यवस्थेने मात्र मराठी वाक्संप्रदायांत फारशी भर घातलेली दिसत नाही, हे थोडे आश्चर्याचे आहे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी तिथली बातमी आणणारा बहिरजी नाईक सभासद बखरीत जासूद म्हणून येतो. नाना फडणिसांची बातमी काढण्याची यंत्रणा तर प्रसिद्धच होती. पण जासूद आणि हेर यांच्यावर म्हणी नाहीत असे म्हणण्याइतक्याच आहेत. (शिवकाळातल्या सर्वांत नामांकित कानाचे नाव 'बहिरजी' असावे यात कोणाला विनोद दिसेल, ते नाव बहिरोबाचे, म्हणजे भैरवाचे आहे.) म्हणींना भीती वाटते ती घरात ऐकणाऱ्याची.

घराकडे वळले की मनुस्मृतीच्या यादीतले 'विशेषेकरून' हे अव्यय मोठे होते. स्त्रीच्या पोटात गोष्ट राहत नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मराठी घरातले जुने पालुपद. त्याला महाभारताचे पाठबळ दिले जाते. युद्धानंतर कर्ण आपला थोरला भाऊ होता हे कुंतीने सांगितले तेव्हा दुःखावेगाने युधिष्ठिराने समस्त स्त्रियांना शाप दिला की त्यांना कोणतेही गुपित राखता येणार नाही. शांतिपर्वाच्या आरंभी येणारा हा प्रसंग कीर्तनांतून घरोघर पोचलेला आहे. पण ज्या स्त्रीमुळे हा शाप निघाला तिने एक गुपित कौमार्यापासून थोरल्या मुलाच्या मृत्यूपर्यंत राखले होते, आणि तिने ते राखले हाच युधिष्ठिराचा संताप होता. स्त्रीला गुपित राखता येत नाही या समजुतीचे मूळ म्हणून सांगितली जाणारी कथा प्रत्यक्षात अगदी उलटी साक्ष देते. हा विरोध म्हणीच्या वापरकर्त्यांना जाणवला नाही असे मानणे कठीण आहे; तो सोयीचा नव्हता, एवढेच. राजाच्या कानांचे गुपित न्हाव्याला कळते आणि पोट फुगून तो ते झाडापाशी बोलतो, ही जगभर भेटणारी कथा मराठी मुलांनाही सांगतात. तिथेही पोट फुगणारा सेवकच आहे, आणि न्हावी कौटिल्याच्या यादीत होताच.

एकोणिसाव्या शतकात ही चर्चा म्हणींच्या बाहेर, जिवावर बेतणाऱ्या जागी गेली. पुनर्विवाहाची बंदी असलेल्या जातींत विधवेला दिवस राहिले की कुडाचे कान काय करू शकत ते त्या काळाला नीट ठाऊक होते. गोष्ट चव्हाट्यावर येणे म्हणजे बहिष्कार, आणि ती येऊ नये म्हणून होणारी भ्रूणहत्या, बालहत्या किंवा आत्महत्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अशा विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या खुशीवर आहे, अशा आशयाची जाहिरात त्यांनी ठिकठिकाणी लावली. गुप्ततेचे आश्वासन जाहीरपणे, भर रस्त्यावर देण्याची ही कृती वाक्संप्रदायांच्या इतिहासातही नोंदवण्यासारखी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणारा समाज ज्या मुठीविषयी बोलत होता तिच्या आत कोण गुदमरत होते, ते या जाहिरातीने सांगितले. १८८२ च्या 'स्त्रीपुरुष तुलने'त ताराबाई शिंदे यांनी कपट, साहस, अविचार असे स्त्रियांवरचे ठरीव आरोप एकेक करून पुरुषांच्या पदरात परत घातले. त्यांना लिहिते करणारे निमित्त सुरतेच्या एका विधवेवरील बालहत्येच्या खटल्याचे होते. चव्हाट्यावर स्त्री एकटी येते आणि पुरुषाचे नाव गुलदस्त्यात राहते, ही त्या खटल्याची वस्तुस्थिती.

चाळीत भिंत पक्की झाली तरी कुडाचा गुणधर्म गेला नाही. सामाईक गॅलरी आणि सामाईक नळ यांनी तो वाढवलाच. शहरी मराठी विनोदाने या ऐकू येण्याला आपुलकीचे रूप दिले, आणि ते काही अंशी खरेही होते. आणीबाणीत (१९७५-७७) राज्यसत्तेचे कान पुन्हा प्रत्यक्ष झाले आणि कुजबूज हा शब्द काही काळ राजकीय झाला. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी मात्र आवाज खाली आणला नाही. पुढे त्यांना कारावास झाला. लोकपरंपरेच्या या ज्येष्ठ अभ्यासकाला भिंतीच्या कानांविषयी कोणी नव्याने सांगायची गरज नव्हती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी चोरून ऐकण्यावर कार्यपद्धतीची बंधने घातली आणि दूरध्वनीवरील संभाषण हा खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. यंत्राने ऐकण्यासाठी मराठीने अजून आपला वाक्प्रचार घडवलेला नाही. बातम्यांचे मथळे आजही भिंत आणि कान यांवरच चालतात.

या साऱ्या सामग्रीत बोलणाऱ्याची भीती आहे, आणि तुरळक ठिकाणी ऐकणाऱ्याचे कुतूहल आहे. ज्यांना भिंत समजले गेले त्यांनी स्वतःचे गुपित कुठे ठेवले, याचे उत्तर म्हणींच्या कोशांत मिळत नाही. दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' (१९४२, १९४७) हे असामान्य काम आहे. पण कोशात म्हण येते ती तिच्या बोलणाऱ्यापासून सुटून. सासूने सुनेला म्हटलेले आणि सुनेने मनाशी म्हटलेले तिथे एकाच ओळीत बसते. ते उत्तर थोडेफार मिळते ते जात्यावरच्या ओव्यांत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या दशकांत गावोगावच्या बायकांकडून या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह जमवला, त्यात जाते हे वारंवार जिवलग म्हणून भेटते. मनातले त्याला सांगायचे, दुःख दाण्यांबरोबर त्याच्यात घालायचे. पहाटेची वेळ, घर झोपेत, आणि दगडाची घरघर. ही घरघर मंत्रगृहाच्या जाड भिंतीचेच काम करी; कुडापलीकडे गाण्याचा सूर जाई, शब्द बहुधा नाही. शिवाय समोर दुसऱ्या खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ किंवा नणंद असे, म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने बरोबर चार कान. हा संग्रह होत होता तेव्हा पिठाच्या गिरण्या गावांत पोचल्या होत्या. जात्याचे कष्ट संपल्याचा आनंद बायकांना होताच, आणि तो कोणीही हिरावून घेऊ नये. पण ओव्या सांगताना पुष्कळजणींना जाते समोर ठेवावे लागे, नुसत्या बसून त्या आठवत नसत.